सगळंच पोस्टमॉडर्न वाटायला लागलंय, आता काय करू?

पत्र: "ताई, मी मास कम्युनिकेशनच्या एमएच्या पहिल्या वर्षाला आहे. मीडिया थिअरीच्या पेपरला पोस्टमॉडर्निझम, म्हणजे आधुनिकतेच्या मोठ्या आश्वासनांवर शंका घेणारे उत्तर-आधुनिक विचार, आहे आणि माझं डोकं पार बंद पडलंय. नोट्समध्ये पास्टिश, इंटरटेक्स्च्युअ‍ॅलिटी, हायपररिअ‍ॅलिटी, मेटानॅरेटिव्हचा अंत असे आठ-दहा मुद्दे आहेत, ते पाठ झालेत, पण कुठलीही जाहिरात, सीरिज, रील समोर घेतली की वाटतं सगळेच मुद्दे लागू होतात आणि थोड्या वेळाने वाटतं एकही होत नाही. असाइनमेंटला मी फोनवरचे ते जुन्या कॅमेऱ्यासारखे फोटो करणारे फिल्टर घेतलेत. पहिला ड्राफ्ट परत आला, सरांनी एवढंच लिहिलंय, 'वर्णन आहे, विश्लेषण कुठाय?' आणि खरं असं काही नसतंच असं ही थिअरी म्हणत असेल तर आम्ही पत्रकारिता शिकायची कशाला? मैत्रिणी म्हणतात बोद्रियार या फ्रेंच विचारवंताचं नाव टाक, मार्क मिळतात. मार्क मला हवेतच, पण हे कळायलाही हवंय. मी मठ्ठ आहे का? – गोंधळलेली"

उत्तर:

मठ्ठ बिठ्ठ अजिबात नाहीस गं. अशी यादी पाठ केली की कुणाचंही हेच होतं, कारण त्या यादीत दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी एका ओळीत बसवलेल्या असतात. पास्टिश, इंटरटेक्स्च्युअ‍ॅलिटी, स्वतःकडेच बोट दाखवणं ही एखादी गोष्ट कशी बनवलीय याची वर्णनं झाली (जुन्या शैलीची नक्कल, दुसऱ्या कृतींचे संदर्भ, 'हा सिनेमाच आहे' असं सिनेमानेच सांगणं), ती पडद्यावर दिसतात, दाखवता येतात. मेटानॅरेटिव्हवरचा विश्वास उडणं किंवा हायपररिअ‍ॅलिटी हे मात्र (पहिलं म्हणजे सगळ्याला अर्थ देणाऱ्या मोठ्या कथा पटेनाशा होणं, दुसरं म्हणजे प्रतिमांनीच वास्तवाची जागा घेणं) आपण कुठल्या काळात जगतोय याबद्दलचे दावे आहेत, ते एखाद्या जाहिरातीत सरळ दिसत नाहीत, ते पटवून द्यावे लागतात. नोट्समध्ये सब घोडे बारा टक्के करून टाकलेलं असतं, मग तू जाहिरात बघतेस, यादी बघतेस, टिक करत जातेस आणि शेवटी हातात काहीच राहत नाही. सर 'वर्णन' म्हणाले ते या टिक करण्यालाच.

नुसत्या लक्षणांवर गेलीस तर आणखी एक पंचाईत होते. सिनेमाने स्वतः सिनेमा असल्याचं दाखवून देणं हे पोस्टमॉडर्न असं नोट्स सांगतात ना, मग बस्टर कीटनचा 1924 चा शेरलॉक ज्युनिअर बघ, त्यात थिएटरचा प्रोजेक्टर चालवणारा माणूस झोपतो आणि स्वप्नात सरळ पडद्याच्या आत शिरतो, मागची दृश्यं बदलत राहतात आणि तो बिचारा आधीच्या जागेच्या हिशोबाने पाऊल टाकून धडपडतो. सर्व्हान्तेसच्या डॉन किहोते या स्पॅनिश कादंबरीचा दुसरा भाग 1615 चा, त्यातल्या पात्रांनी पहिला भाग वाचलेला आहे! म्हणजे ही युक्ती शेकडो वर्षं जुनी. ती दिसली की 'पोस्टमॉडर्न' असं लिहून मोकळं होता येत नाही, म्हणूनच तुला सगळंच लागू होतंय असं वाटतं, आणि ते वाटणं बरोबर आहे, चाळणीची भोकंच एवढी मोठी आहेत की सगळंच खाली पडतं.

तर यादी बाजूला ठेव आणि प्रश्न बदल. यात कुठली लक्षणं आहेत असं विचारू नकोस, या वस्तूवरून कोणाचा कोणता दावा तपासून बघता येईल असं विचार. त्यासाठी माणसं नीट सुटी सुटी ओळखावी लागतात, कारण पोस्टमॉडर्निझमच्या धड्यात जी नावं एकत्र येतात ती एका पक्षाची नाहीतच, त्यांचं एकमेकांशी जोरदार भांडण आहे. आणि मला विचारशील तर विषयाचा जीव त्या भांडणातच आहे.

ल्योतारपासून सुरू करू. ज्याँ-फ्रान्स्वा ल्योतार या फ्रेंच तत्त्वज्ञाचं द पोस्टमॉडर्न कंडिशन हे 1979 चं छोटंसं पुस्तक, आणि ते मुळात एक सरकारी रिपोर्ट आहे बरं का, कॅनडातल्या क्वेबेक प्रांताच्या विद्यापीठ परिषदेने त्याला विचारलं होतं की प्रगत देशांत ज्ञानाची अवस्था काय आहे. त्याचं सगळ्यांना पाठ असलेलं म्हणणं हे, की मोठमोठ्या कथांवरचा, महाकथनांवरचा (तुझ्या नोट्समधले मेटानॅरेटिव्ह) विश्वास उडालाय. विज्ञानाने आणि बुद्धीने माणूस हळूहळू मुक्त होणार, सगळं ज्ञान शेवटी एका सूत्रात गुंफलं जाणार, अशा कथा एकेकाळी शाळा, विद्यापीठं, राज्यसंस्था यांना 'आम्ही हे का करतोय' याचं उत्तर पुरवायच्या, ते उत्तर आता पटेनासं झालंय. इथे नीट बघ, तो 'तथ्य नसतं' असं म्हणत नाहीये. पाणी किती अंशाला उकळतं यावर त्याचं काही भांडण नाही, भांडण आहे ते एवढं ज्ञान कशासाठी आणि कोणाच्या अधिकाराने, याच्या उत्तराबद्दल. आणि नोट्समध्ये जे हमखास गाळलेलं असतं ते मला जास्त मोलाचं वाटतं: ज्ञान कॉम्प्युटरच्या भाषेत बसेल तेवढंच टिकेल, त्याचा विकायचा माल होईल, आणि माहितीचे साठे कोणाच्या ताब्यात यावरून सत्ता ठरेल, असं तो 1979 मध्ये लिहितो, आणि पुस्तकाच्या अगदी शेवटी मागणी करतो की हे डेटा बँक लोकांना मोफत खुले करा. मीडिया शिकणाऱ्या मुलीने ल्योतारमधून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्यावी असं माझं मत आहे.

आता फ्रेडरिक जेमसन, अमेरिकन साहित्य-संस्कृती समीक्षक. याचा मोठा निबंध 1984 मध्ये न्यू लेफ्ट रिव्ह्यू या डाव्या नियतकालिकात आला आणि त्याच नावाचं पुस्तक 1991 मध्ये. जेमसन मार्क्सवादी, म्हणजे ल्योतार ज्या महाकथनांवरचा विश्वास उडाला म्हणतो त्यातलंच एक हातात घेऊन हा माणूस पोस्टमॉडर्निझम समजावतो! त्याचा दावा असा की ही काही नुसती एक स्टाइल नाही जी आवडली तर घ्यावी, भांडवलशाहीच्या आत्ताच्या टप्प्यात संस्कृती आणि बाजार यांच्यात फटच उरलेली नाही, आणि आपल्याला जी स्टाइल दिसते ती त्या अवस्थेची खूण आहे. तुझ्या यादीत हे दोघं शेजारी शेजारी सुखाने नांदतायत, प्रत्यक्षात एकाचं खरं मानलं तर दुसऱ्याच्या पायाखालची जमीन सरकते. एवढं एक वाक्य जरी पेपरात नीट मांडलंस तरी तपासणाऱ्याला कळेल की हिने वाचलंय.

जेमसनची सगळ्यात छान जागा म्हणजे बुटांची दोन चित्रं. एक व्हॅन गॉगचे झिजलेले बूट, आणि दुसरं अमेरिकन पॉप आर्ट चित्रकार अँडी वॉरहॉलचं डायमंड डस्ट शूज. व्हॅन गॉगच्या बुटांकडे बघताना तुला ते घालणारा माणूस, चिखल, कष्ट, आख्खं एक जग मागून उभं करता येतं. वॉरहॉलच्या चित्रात बायकांच्या बुटांचा नुसता पसारा आहे, फोटोच्या निगेटिव्हसारखा, चमचमता, आणि त्यातून कुठल्याही जगाकडे वाट निघत नाही, नजर पृष्ठभागावर आपटून परत येते. चित्रातली खोली, म्हणजे डेप्थ, नाहीशी होणं म्हणतात ते हे. आणि पास्टिशही त्याच्याच निबंधातून समजून घे, नोट्समधून नको. पॅरडीत आपण कोणाची तरी नक्कल करतो कारण त्याला काही सुनवायचं असतं, मूळ चाल माहीत असते आणि त्यापासून आपण किती हटलो हेही माहीत असतं. पास्टिशमध्ये नक्कल आहे पण सुनवायचं काहीच नाही, जुन्या मुखवट्यातून बोलणं आहे फक्त, कारण हटून दाखवायला सरळ अशी चालच उरलेली नाही. त्यामुळे 'या जाहिरातीत जुन्या सिनेमाचा संदर्भ आहे म्हणून पास्टिश' एवढं लिहिणं अर्धवट आहे, पुढचा प्रश्न विचारावाच लागतो की त्या संदर्भाने काही टोचलं का.

लिंडा हचन ही कॅनडातली अभ्यासक इथेच जेमसनला अडवते. 1989 च्या द पॉलिटिक्स ऑफ पोस्टमॉडर्निझममध्ये तिचं म्हणणं असं की पोस्टमॉडर्न नक्कल रिकामी नसतेच, ती ज्या गोष्टीची नक्कल करते तिच्यात सामीलही असते आणि तिच्यावर टीकाही करत असते, दोन्ही एकाच वेळी. मला स्वतःला हचन जास्त पटते, निदान प्रत्येक उदाहरण उघडून बघायला तरी ती लावते, जेमसनच्या हातात निकाल आधीच लागलेला असतो असं कधी कधी वाटतं. पण तू दोघांना वाचून तुझं ठरव.

आता तुझ्या मैत्रिणींचा लाडका बोद्रियार. याचं नाव टाकून मार्क मिळत असतील तर मिळोत, पण सगळ्यात जास्त चुकीचं याच्याचबद्दल लिहिलं जातं. 1981 च्या सिम्युलाक्रा अँड सिम्युलेशनमध्ये तो प्रतिमेच्या चार अवस्था सांगतो. आधी प्रतिमा वास्तव दाखवते, मग ती वास्तव झाकते, बिघडवते, मग मागे वास्तवच नाहीये हे ती झाकते, आणि शेवटी तिचा कुठल्याच वास्तवाशी काही संबंध उरत नाही. विद्यार्थी दुसरी अवस्था समजतात आणि तिला चौथीचं नाव देतात. फोटो एडिट करून गोरं केलं, 'हायपररिअ‍ॅलिटी!' नाही गं, तिथे मूळ चेहरा आहे, तो फक्त झाकलाय, ही दुसरी. तिसरी अवस्था समजायला त्याचं डिस्नेलँडचं उदाहरण लागतं. डिस्नेलँड खोटं आहे असं तो म्हणतच नाही, ते तर सगळ्यांना माहीत आहे. तो म्हणतो डिस्नेलँड उघडउघड काल्पनिक म्हणून मिरवतं, त्यामुळे कुंपणाबाहेरचं लॉस एंजेलिस आणि अमेरिका खरी आहे अशी आपली खात्री पटते, आणि हीच खात्री त्याला संशयास्पद वाटते. कल्पना उलटी फिरते ती इथे.

मेट्रिक्सची गोष्ट पण बघ. 1999 च्या त्या सिनेमात नायक आपल्या डिस्क ज्या पोकळ पुस्तकात लपवतो ते पुस्तक म्हणजे हेच सिम्युलाक्रा अँड सिम्युलेशन, त्यामुळे जो तो पेपरात मेट्रिक्स लिहितो. आणि खुद्द बोद्रियारने नंतर मुलाखतीत सांगितलं की या सिनेमाने माझं म्हणणं चुकीचं घेतलं. कारण सिनेमात खोटं जग आणि खरं जग अशा दोन स्वच्छ खोल्या आहेत, गोळी घेतली की एकातून दुसऱ्यात जाता येतं. बोद्रियारच्या मांडणीत ती बाहेरची खोलीच नाही. मागे एक खरं जग सुरक्षित ठेवलेलं आहे असं तू गृहीत धरलंस की तू त्याच्यापासून लांब, फार जुन्या विचाराकडे गेलीस, प्लेटोच्या गुहेकडे, जिथले कैदी भिंतीवरच्या सावल्यांनाच खरं जग समजतात. मेट्रिक्स वापरायचाच असेल तर हा फरक दाखवायला वापर.

आता तुझे फिल्टर घेऊ. विषय उत्तम निवडलायस, तो ड्राफ्ट टाकून देऊ नकोस. फक्त एकच फोटो घे आणि त्यावर पाच-दहा मिनिटं डोळे ठेव. काय काय दिसतं? कडेने शिरलेला लालसर-नारिंगी प्रकाशाचा पट्टा, सगळीकडे दाणे, रंग थोडे उडालेले, कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत तारीख, आणि काही ॲपमध्ये ती तारीख आजची नसतेच, 1998 ची असते. आता यातली एकेक गोष्ट मूळ कॅमेऱ्यात काय होती ते शोध. तो लाल पट्टा म्हणजे बिघाड होता, कॅमेऱ्याच्या मागच्या झाकणाचं सील झिजलं की उजेड आत शिरून फिल्म खराब करायचा, लोक असे फोटो बाजूला काढायचे. दाणे म्हणजे फिल्मवरच्या चांदीच्या क्षारांच्या स्फटिकांची रचना, कमी उजेडात जास्त संवेदनशील फिल्म घातली की ते ठळक दिसायचे. आणि तुझा फोन काय करतो? तो आधी सॉफ्टवेअरने फोटोतला नॉइज, म्हणजे ठिपक्यांचा खरखरीतपणा, काळजीपूर्वक पुसतो, चित्र गुळगुळीत करतो, आणि मग ॲप त्यावर खोटे दाणे पेरतं. जे पुसलं तसंच काहीतरी परत घातलं, फक्त आता ते उजेड कमी होता म्हणून आलेलं नाही, ते जुनं वाटावं म्हणून आलंय.

हे एवढं लिहिलंस ना की तुझ्या हातात विश्लेषणाचं पहिलं वाक्य आलं: कारण गेलं आणि खूण उरली.

आता यावर जेमसनला बोलाव. तो जुन्या काळाचा आभास देणाऱ्या सिनेमांबद्दल म्हणतो की त्यांत इतिहास येत नाही, नुसता जुनेपणा येतो, चकचकीत पृष्ठभागातून. तुझ्या फोटोत 1998 मधलं काय आहे? त्या वर्षी घडलेली एकही गोष्ट नाही, कपडेही आजचे, फोटो काढणारी कदाचित तेव्हा जन्मलीही नव्हती. कोणाची थट्टा नाही, टीका नाही, जुन्या फोटोची आठवणही नाही, आठवणीचा नुसता रंग आहे. पास्टिश म्हणायला आता तुझ्याकडे कारण आहे, यादीतला शब्द म्हणून नाही. मग हचनला विचारायला लाव: असा एखादा फोटो आहे का जिथे हाच फिल्टर काहीतरी टोचतो? समज कोणी आजच्या एखाद्या अन्यायाच्या फोटोला मुद्दाम जुनी तारीख टाकली, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं हे तर तेव्हाचं, आणि मग लक्षात यावं की हे कालचं आहे. फिल्टर तोच, दाणे तेच, पण नक्कल रिकामी नाही राहिली. दोन फोटो शेजारी ठेव, जेमसन कुठपर्यंत पोचतो आणि कुठे थांबतो ते दिसेल.

बोद्रियारसाठी वेगळा प्रश्न. हा फिल्टर नक्की कशाची कॉपी आहे? कुठल्याही एका फोटोची नाही. 'जुना फोटो असा दिसतो' असं एक मॉडेल आधी तयार आहे आणि तुझा फोटो त्या मॉडेलप्रमाणे बनतोय. मूळ आधी आणि नक्कल नंतर हा क्रम उलटा झाला, तो म्हणतो ते हेच. पण घाईने चौथी अवस्था जाहीर करू नकोस, कारण लेन्ससमोर कोणीतरी उभं होतं, चेहरा खरा आहे. रोलाँ बार्थ हा फ्रेंच समीक्षक 1980 मध्ये फोटोबद्दल लिहिताना याच एका गोष्टीला धरून बसला होता, की फोटो सांगतो 'हे समोर होतं'. मग त्याच्या शेजारी एआयने बनवलेला एखादा 'जुना फॅमिली फोटो' ठेव, जिथे लेन्सच नव्हती आणि समोर कोणी उभंच नव्हतं. तो चौथ्या अवस्थेच्या बराच जवळ जातो. बराच म्हणतेय, पूर्ण नाही, कारण ते मशीन शिकलं ते लाखो खऱ्या फोटोंवरूनच, त्यात खऱ्या माणसांचे चेहरे होते आणि त्यांना बहुतेक कोणी विचारलं नव्हतं. ते फोटो कोणाच्या साठ्यात होते, कोणी वापरले, हा प्रश्न आला की तू थेट ल्योतारच्या डेटा बँकेपाशी पोचतेस आणि बोद्रियार तिथे मागे पडतो, कारण 'वास्तवाशी संबंध नाही' म्हटलं की त्या माणसांचा हक्कही नजरेआड होतो. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. असाइनमेंटमध्ये जागा कमी असेल तर बाकी काही कापलंस तरी चालेल, ही जागा ठेव.

आता तुझा पत्रकारितेचा प्रश्न, तो मनापासून आलाय म्हणून त्यावर थोडी थांबते. बोद्रियारने 1991 च्या आखाती युद्धावर तीन लेख लिहिले, युद्ध होणार नाही, युद्ध खरंच होतंय का, आणि युद्ध झालंच नाही, साधारण अशा मथळ्यांचे. पहिला लेख जानेवारीच्या सुरुवातीला आला आणि 17 जानेवारीला बगदादवर बॉम्ब पडायला लागले, त्यामुळे त्याच्यावर खूप टीका झाली. माणसं मेलीच नाहीत असं त्याला म्हणायचं नव्हतं. त्याला म्हणायचं होतं की घरोघरी टीव्हीवर जे पोचलं ते आधी ठरलेल्या मॉडेलप्रमाणे चाललेलं काहीतरी होतं, एकतर्फी संहाराला दोन बाजूंच्या लढाईचं रूप देणारं. त्या वेळची फुटेज शोधून बघ. बॉम्बच्या नाकावरचा कॅमेरा, मधोमध फुली, करडी इमारत मोठी मोठी होत जाते, आणि धडक बसायच्या क्षणी चित्र तुटतं. पुढे काहीच नाही. आत कोण होतं ते कधीच दिसत नाही, कारण बघणारं यंत्रच त्या क्षणी नष्ट होतं. इतक्या स्वच्छ चित्रांमुळे जगाला वाटलं हे अचूक, नेमकं युद्ध आहे. चित्राबद्दल बोद्रियारचं म्हणणं इथे मला अगदी पटतं.

पण आता पुढचं बघ. त्या युद्धात टाकलेल्या एकूण बॉम्बच्या वजनात असे अचूक मार्गदर्शन असलेले बॉम्ब 10 टक्क्यांहून कमी होते, बाकी सगळे साधे, वरून सोडून द्यायचे. टीव्हीवरचं युद्ध आणि जमिनीवरचं युद्ध यांतलं अंतर आपल्याला कळतं ते या आकड्यामुळे, आणि तो आकडा कोणीतरी मोजला, कागद तपासले, विचारून काढला म्हणून. बोद्रियारचा मुद्दा सिद्ध करायलासुद्धा पडद्याबाहेरचं एक तथ्य लागतं! ख्रिस्तोफर नॉरिस या ब्रिटिश अभ्यासकाने 1992 मध्ये आख्खं पुस्तक लिहून बोद्रियारवर साधारण याच अंगाने हल्ला चढवला, की खरं-खोटं तपासायची हत्यारं तूच टाकून दिलीस तर सत्तेला प्रश्न कशाच्या जोरावर विचारणार. त्यामुळे 'सगळंच खोटं, सगळंच दृष्टिकोन' असं कोणी पोस्टमॉडर्निझमच्या नावावर सांगायला लागलं तर बिनधास्त अडव. ही थिअरी तुला बातमी करायची सोडून दे असं सांगत नाही, बातमीची चौकट कोणी आधीच बांधून ठेवली ते बघ म्हणते, आणि चौकटीबाहेर काय राहिलं ते शोधायला तुला पत्रकारिताच लागणार.

आणखी एक मोठी उणीव सांगते, कारण परीक्षेत टीका करा म्हटलं की मुलं 'ही थिअरी फार अवघड आहे' असं लिहून येतात. बोद्रियार आणि जेमसन दोघंही बघणाऱ्या माणसांना जवळजवळ काही विचारतच नाहीत. ईन आंग या अभ्यासिकेने ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला नेदरलँड्समध्ये एका बायकांच्या मासिकात छोटी जाहिरात दिली की डॅलस ही अमेरिकन मालिका मला बघायला आवडते, तुम्हाला काय वाटतं ते लिहा. तिला 42 पत्रं आली आणि त्यांवर तिने पुस्तक केलं. लिहिणाऱ्यांना पक्कं माहीत होतं की तो श्रीमंती थाट, ती कटकारस्थानं काही खरी नाहीत, तरी त्यांतल्या अनेकींना त्यातली दुःखं, भांडणं, नात्यांची घालमेल खरी वाटत होती, आणि या दोन्ही गोष्टी त्या एकाच पत्रात न अडखळता लिहीत होत्या. माणसं खऱ्याखोट्याचे थर वेगळे करू शकतात, आणि ते कसे करतात हे त्यांना विचारल्याशिवाय कळत नाही. तूही तुझ्या वर्गातल्या चार-पाच जणींना विचार की तुम्ही तो 98 च्या तारखेचा फिल्टर का लावता. उत्तरं आहेत तशी लिहून घे, तुझ्या थिअरीत बसली नाहीत तर आणखी चांगलं. स्टुअर्ट हॉलचा एन्कोडिंग-डिकोडिंग (बनवणारे संदेशात अर्थ भरतात आणि बघणारे तो आपल्या पद्धतीने उलगडतात) तुम्हाला अभ्यासाला असणारच, तो या जागी जोडून घे.

वाचायचा क्रम विचारला नाहीस पण सांगून ठेवते. आधी जेमसनच्या 1984 च्या निबंधातला बुटांपासून पास्टिशपर्यंतचा भाग, तो सगळ्यात हाताला लागतो. मग ल्योतारची प्रस्तावना, अगदी थोडी पानं आहेत, आणि शेवटचं प्रकरण. बोद्रियारचं पहिलं प्रकरण त्यानंतर, सलग वाच, प्रत्येक वाक्य कळलंच पाहिजे असा हट्ट धरू नकोस, तो मुद्दाम अतिशयोक्ती करतो, वाचकाला ढकलून बघतो, त्याची वाक्यं व्याख्या म्हणून पाठ केलीस की फसलीस. हचन शेवटी, म्हणजे कोणाशी भांडतेय ते कळेल.

असाइनमेंटची सुरुवात थिअरीने करू नकोस. 'पोस्टमॉडर्निझम ही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील विचारधारा आहे' हे वाक्य सरांनी त्या आठवड्यात किती वेळा वाचलं असेल विचार कर. फोटोने सुरू कर, लाल पट्टा, पुसलेला नॉइज, पेरलेले दाणे, 98 ची तारीख. मग एकच दावा घे, तो कोणाचा ते सांग, फोटोला लाव, जिथे बसतो तिथे बसतो म्हण आणि जिथे ताणावा लागतो तिथे तो ताणावा लागतोय असं स्पष्ट लिही. ते लिहायला घाबरू नकोस, मार्क त्यानेच वाढतात. चारही नावं कोंबायची गरज नाही, दोन पुरतात, पण ती दोन भांडणारी निवड. माझा कल विचारशील तर तुझ्या विषयाला जेमसन आणि हचन, आणि एआयच्या फोटोचा भाग घेतलास तर बोद्रियार आणि ल्योतार.

पहिली दोन पानं झाली की पाठव, सोबत तो फोटोही जोड. मैत्रिणींची उत्तरं जमली असतील तर तीही पाठव, ती वाचायची मला खरंच उत्सुकता आहे.